पिशवीबाहेरचे पाणी : नैसर्गिक कार्बन डॉटच्या अभ्यासाची प्रस्तावना

या विषयाचे पहिले आकर्षण डोळ्यांना दिसते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. चहा गाळून उरलेला चोथा वाळवायचा, बारीक करायचा, पाण्यात कालवून टेफ्लॉनच्या भांड्यात भरायचा. ते भांडे पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये घट्ट बसवायचे आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवायचे. ओव्हन बंद करून सगळे आपोआप निवू द्यायचे. घाईने झाकण उघडायचे नाही, कारण आत वाफेचा दाब असतो. उघडल्यावर मिळते ते तपकिरी, किंचित करपट वासाचे पाणी. सेंट्रिफ्यूज करून, बारीक गाळणीतून काढून ते एका काचेच्या कुपीत घ्यावे, खोलीतला दिवा मालवावा आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च कुपीवर धरावा. कोऱ्या चहासारखे दिसणारे ते पाणी निळे उजळते. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी टॉर्च दोन-चार वेळा बंद-चालू करून बघतोच.

उजळतात ते कार्बनचे कण. त्यांचा व्यास साधारणपणे दहा नॅनोमीटरच्या आत असतो, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्यांना कार्बन डॉट म्हणतात. त्यांच्या उजेडात सजीव पेशी पाहता येतील का, पुढे कधी रोगट ऊती ओळखता येईल का, हा या अभ्यासाचा गाभा आहे. कोल्हापूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अधिविभागातल्या फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत याच चहाच्या चोथ्यापासून नायट्रोजनयुक्त कार्बन डॉट तयार झाले. ते वापरून लघवीतल्या व औषधांच्या नमुन्यांतल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे प्रमाण मोजले गेले आणि यीस्टच्या पेशींची चित्रे घेतली गेली. ते काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक, विज्ञानाची ओढ असलेले डॉक्टर, या सर्वांना मनात धरून ही प्रस्तावना लिहितो आहे. त्यांनी या विषयात यावे असे मला मनापासून वाटते. पण काय समजून यावे, हेही सांगितले पाहिजे.

सांगायचे ते एवढेच : हे कण बनवणे सोपे आहे. आपण नेमके काय बनवले ते जाणून घेणे अवघड आहे, आणि या विषयाचे सारे शास्त्र त्या दुसऱ्या कामात आहे.

सुरुवात अपघाताने झाली. २००४ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काही संशोधक विद्युत ठिणगीतून मिळालेल्या काजळीतून कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करत होते. विद्युत क्षेत्रात मिश्रण वेगळे करताना नळ्यांच्या बरोबरीने एक पट्टा पुढे सरकला, आणि तो चमकत होता. शोधत होते ते वेगळेच, पण हाती आले ते त्यांनी टाकून दिले नाही. दोन वर्षांनी त्याच राज्यातल्या क्लेमसन विद्यापीठात ग्राफाइटवर लेसर मारून असे कण मुद्दाम तयार केले गेले. त्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचे आवरण चढवल्यावर त्यांचा उजेड वाढला, आणि ‘कार्बन डॉट’ हे नावही तिथेच रुळले. २००७ साली मेणबत्तीच्या काजळीवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून निरनिराळ्या रंगांत चमकणारे कण वेगळे काढले गेले. लेसरचे यंत्र आणि मेणबत्ती यांतले अंतर एका वर्षात कापले गेले, ही गोष्ट मला या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. महागड्या यंत्राशिवाय हे काम होते, हे त्या काजळीने सिद्ध केले.

त्याच काळात चमकणाऱ्या कणांचे दुसरे घराणे भरभराटीला आले होते. ते अर्धवाहकांचे क्वांटम डॉट. त्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीच्या पद्धतीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रंगांची शुद्धता आणि उजेड यांत त्यांना तोड नाही. पण त्यांतल्या उत्तम प्रकारांत कॅडमियम असते, आणि कॅडमियम मूत्रपिंडाचा शत्रू आहे. दूरदर्शन संचाच्या पडद्यात ते चालेल, रक्तात सोडायचे धाडस कोण करणार? कार्बनकडे सगळ्यांचे लक्ष वळले ते इथे. २००९ साली क्लेमसनच्याच गटाने कार्बन डॉट जिवंत उंदरांत टोचून बाहेरून त्यांचा उजेड टिपला, तेव्हा वैद्यकीय चित्रणाची आशा प्रथम ठोस झाली.

मग स्वयंपाकघराकडे आणि शेताकडे पाहायला किती वेळ लागणार? २०१२ साली ओडिशातल्या संशोधकांनी संत्र्याच्या रसापासून १२० अंशांवर अडीच तासांत कार्बन डॉट तयार केले. आपल्या महाराष्ट्रात अंबरनाथच्या सायसेस महाविद्यालयातल्या नॅनोतंत्रज्ञान केंद्राने २०१३ साली शिंगाड्याच्या सालीच्या अर्कापासून ते बनवले. उपासाला शिंगाडे खाणाऱ्या घराघरांतून फेकली जाणारी ती साल. त्यानंतर फळे, पाने, बिया, साली, कोंडा, दूध, मध यांची जी रांग लागली ती अजून संपलेली नाही. दर महिन्याला नवे फळ आणि नवा निबंध येतो. यातले पुष्कळ काम पुनरुक्तीचे आहे, हे स्पष्ट सांगतो. ‘अमुक फळापासूनही होतात’ एवढेच सांगणाऱ्या निबंधाने आज ज्ञानात भर पडत नाही. साखर, स्टार्च, सेल्युलोज, सेंद्रिय आम्ले ज्यात आहेत ते सारेच तापवल्यावर कार्बन होते. त्यात प्रथिने असतील तर नायट्रोजन मिळतो. कांदा-लसणासारखे काही असेल तर गंधकही मिळते. ही मूलद्रव्ये कणाच्या पृष्ठभागावर बसून त्याचा रंग आणि तेज बदलतात. कृत्रिम पद्धतीत जे वेगळे घालावे लागते ते वनस्पतीने आधीच घालून ठेवलेले असते, हे नैसर्गिक स्रोताचे खरे बळ. पण तीच त्याची अडचणही आहे, आणि तिच्याकडे पुढे येतो.

हे कण चमकतात का, याचे पूर्ण उत्तर अजून एकमताने मिळालेले नाही. ढोबळ चित्र असे : कणाच्या आत कार्बनच्या षटकोनी जाळ्यांचे छोटे तुकडे असतात आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन-नायट्रोजनचे गट. अतिनील प्रकाशाचा कण शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, थोडी ऊर्जा उष्णतेत गमावतो आणि खाली उतरताना उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. गमावलेल्या ऊर्जेमुळे बाहेर येणारा प्रकाश आत गेलेल्याहून लांब तरंगलांबीचा असतो. अदृश्य आत जाते, निळे बाहेर येते. उजेडाचा कोणता वाटा गाभ्याचा, कोणता पृष्ठभागाचा आणि कोणता भलत्याच कशाचा, यावर वाद आहे.

उजेड मोजायचा कसा? शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी किती परत आले, ते प्रमाण म्हणजे क्वांटम यील्ड. संत्र्याच्या रसाच्या कणांना ते २६ टक्के मिळाले होते. हे ठरवायला तुलनेसाठी एक मापदंड लागतो, आणि निळ्या उजेडासाठी तो बहुतेक ठिकाणी क्विनीन सल्फेट असतो. विरल सल्फ्युरिक आम्लात त्याचे क्वांटम यील्ड ५४ टक्के धरतात. हिवतापावर सिंकोनाच्या सालीतून काढलेले तेच क्विनीन. त्याच्या द्रावणावरची निळी झाक १८४५ साली जॉन हर्शेल यांनी नोंदवली आणि १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे स्पष्टीकरण देऊन फ्लुओरेसन्स हे नाव दिले. म्हणजे या शास्त्राचा जन्मच एका झाडाच्या सालीशी बांधलेला आहे. मोजताना द्रावण इतके पातळ हवे की त्याचे शोषण ०.१ च्या खाली राहील. दाट द्रावणात एका कणाचा प्रकाश दुसराच गिळतो आणि आकडे फसवतात. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने वाया गेलेल्या मोजण्या पुष्कळ आहेत.

आता शीर्षकातल्या पिशवीकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाची दीक्षा तिथे मिळते. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या पाण्यात फक्त कण नसतात. अर्धवट शिजलेल्या साखरा, आम्ले, क्षार, आणि प्रक्रियेत तयार झालेले छोटे छोटे चमकणारे रेणूही असतात. त्यांना वेगळे करायला हे पाणी डायलिसिसच्या पिशवीत भरून, दोन्ही टोके क्लिपांनी बांधून, शुद्ध पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये सोडतात. पिशवीच्या छिद्रांतून लहान रेणू बाहेर जातात, कण आत राहतात. दर काही तासांनी बाहेरचे पाणी बदलायचे, असे दोन-तीन दिवस. बहुतेक विद्यार्थी ते बाहेरचे पाणी सिंकमध्ये ओततात आणि पिशवीतले जपून ठेवतात. ओतण्यापूर्वी त्यावर टॉर्च धरा. अनेकदा ते पाणी पिशवीतल्यापेक्षा जास्त चमकते.

तसे झाले तर त्याचा अर्थ सरळ आहे. ज्या उजेडावर आपण खूश होतो, त्याचा मोठा भाग कणांचा नव्हताच. तो होता साध्या रेणूंचा. हा धडा या क्षेत्राला मोठ्या माणसांनी शिकवला. सायट्रिक आम्ल आणि एथिलिनडायअमीन एकत्र तापवून सुमारे ८० टक्के क्वांटम यील्डचे कार्बन डॉट चीनमधल्या जिलिन विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली मिळवले, आणि जगभर तीच कृती वापरली जाऊ लागली. दोन वर्षांनी त्याच गटाने आपले मिश्रण बारकाईने वेगळे केले, आणि तेजाचा मोठा वाटा त्यात तयार झालेल्या एका लहान सेंद्रिय रेणूचा आहे, असे स्वतःच दाखवून दिले. आपल्याच गाजलेल्या पदार्थाची अशी झडती घेणे सोपे नसते. मला त्या दोन निबंधांपैकी दुसरा अधिक मोलाचा वाटतो, आणि विद्यार्थ्यांनी वाचताना तो आधी वाचावा असे सुचवतो. २०१८ साली आणखी एका गटाने अशा अशुद्धींमुळे प्रसिद्ध निष्कर्षांत काय काय चुका शिरतात, याचा सविस्तर पाढा वाचला. नैसर्गिक स्रोतात तर एक नव्हे, शेकडो संयुगे असतात. पानांपासून बनवलेल्या लाल चमकणाऱ्या कणांचे उदाहरण घ्या : तो लाल उजेड नव्या कणाचा की मूळच्या हरितद्रव्याच्या अवशेषाचा, हे सिद्ध केल्याशिवाय काहीही म्हणता येत नाही.

वैद्यकीय चित्रणाबद्दल लोकांच्या मनात सीटी स्कॅन आणि एमआरआय येतात. इथले चित्रण बहुतांशी सूक्ष्मदर्शकाखालचे आहे. काचपट्टीवर पेशी वाढवतात, त्यांत कार्बन डॉट मिसळतात, काही तासांनी धुतात आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या रंगांचा लेसर टाकून पाहतात. कण पेशीच्या आत शिरून बहुधा केंद्रकाभोवतीच्या द्रवात साठतात आणि पेशीची आकृती उजळते. नेहमीचे सेंद्रिय रंग प्रखर प्रकाशात लवकर विटतात. कार्बन डॉट त्यामानाने तग धरतात, म्हणून एकच पेशी बराच वेळ पाहता येते. संशोधकाला ही सोय मोठी आहे.

रुग्णापर्यंतचा रस्ता मात्र लांब आहे, आणि तो अडवला आहे तो मुख्यतः रंगाने. नैसर्गिक स्रोतांतले बहुतेक कण निळे उजळतात. निळा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, ऊतीत तो विखुरतो, आणि मिलिमीटरभर खोलीवरूनही धड बाहेर येत नाही. शिवाय अतिनील प्रकाशात आपली स्वतःची ऊतीही निळसर चमकते, तेव्हा कणाचा उजेड कोणता आणि शरीराचा कोणता, हा प्रश्न उरतो. लाल टोकाच्या पलीकडे, ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ऊती प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देते. म्हणूनच इंडोसायनिन ग्रीन हा रंग, ज्याला अमेरिकेत १९५९ साली मान्यता मिळाली, आजही शस्त्रक्रियेच्या टेबलावर टिकून आहे : तो त्याच पट्ट्यात चमकतो. मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाच्या तपासणीत हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन देतात आणि डोळ्यात निळा प्रकाश टाकून रक्तवाहिन्यांचे जाळे हिरवट-पिवळे उजळलेले पाहतात. डोळा पारदर्शक असल्याने तिथे निळा प्रकाश चालतो. ज्याला कार्बन डॉट रुग्णालयात न्यायचे आहेत, त्याने या दोन जुन्या रंगांचा इतिहास आधी वाचावा. नवा कण त्यांच्यापेक्षा कशात सरस आहे, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणार आहे. नैसर्गिक स्रोतांपासून बनलेले कार्बन डॉट आज पेशी, यीस्ट, झेब्राफिश आणि उंदीर यांच्या पातळीवर आहेत. रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीत ते नाहीत.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे वाक्य प्रयोगशाळेत चालत नाही. धोतराही नैसर्गिक आहे. दोनशे अंशांवर शिजलेला पदार्थ मूळ फळ राहिलेला नसतो, आणि खाल्लेली वस्तू व शिरेतून दिलेली वस्तू यांच्याशी शरीर अगदी निराळे वागते. बहुतेक निबंधांत विषारीपणाची चाचणी म्हणजे एमटीटी : जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, त्या जांभळेपणावरून किती पेशी जगल्या ते कळते. चोवीस तासांची ही चाचणी आवश्यक आहे, पुरेशी नाही. यकृतात काय साठते, किती दिवसांनी बाहेर पडते, रक्तपेशी फुटतात का, हे तिच्यातून कळत नाही. २००७ साली क्वांटम डॉटवर झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात दिसले की पाण्याच्या थरासह ज्यांचा व्यास साडेपाच नॅनोमीटरपेक्षा कमी असतो ते कण मूत्रपिंडातून झपाट्याने बाहेर जातात; मोठे कण शरीरात रेंगाळतात. कार्बन डॉट आकाराने याच सीमेवर आहेत. त्यामुळे ‘दोन ते दहा नॅनोमीटर’ असा सैल पल्ला लिहिणे म्हणजे काही कण लघवीवाटे जातील आणि काही यकृतात बसतील असे म्हणण्यासारखे आहे. आकारांचे वितरण नीट द्यावेच लागते.

पाण्यातले धातू ओळखणे, औषधांची शुद्धता तपासणे, छपाईची शाई, असे उपयोगही आहेत. त्यांतले काही चित्रणापेक्षा लवकर हाताशी येतील. त्यांची वेगळी चर्चा इथे करत नाही.

मघाशी सोडलेल्या अडचणीकडे वळतो, कारण तिच्यातच कोल्हापूरच्या विद्यार्थ्याची खरी संधी मला दिसते. नैसर्गिक स्रोत कधीच एकसारखा नसतो. आज आणलेला चोथा आणि पुढच्या महिन्यातला चोथा सारखा नाही. एका बागेतले संत्रे दुसऱ्यासारखे नाही. औषध म्हणून जे शरीरात जायचे ते प्रत्येक खेपेला तेच असले पाहिजे. हा पेच सुटल्याशिवाय नैसर्गिक कार्बन डॉट रुग्णालयाच्या दारात जाणार नाहीत, आणि तो सोडवायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. एकाच पदार्थाचे अनेक नमुने शिस्तीने गोळा करणारे, त्यांची पुरती नोंद ठेवणारे लोक लागतात.

आपल्याकडे असा पदार्थ आहे : गूळ. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ साली पाव, बिस्किटे, कॉर्नफ्लेक्स, करपवलेली साखर आणि गूळ यांतून चमकणारे कार्बनचे सूक्ष्म कण वेगळे करून दाखवले. म्हणजे गुळात हे कण घालावे लागत नाहीत, रस आटतानाच ते तयार होतात. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढली जाते, आणि ११८ अंशांच्या आसपास गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. ऑटोक्लेव्हमध्ये आपण जे बंद भांड्यात करतो त्याच्या जवळचे काहीतरी तिथे उघड्यावर घडत असते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून कोल्हापूर शहराला गुळाची प्रत नजरेने आणि बोटांनी ओळखणारी माणसे लाभली आहेत. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्या पारखीला वर्णपटाची जोड द्यायची कोणी?

साधा प्रश्न घेऊन सुरुवात करता येईल. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरतात. सेंद्रिय गुळात ते वापरत नाहीत. हायड्रॉसमधले गंधक कणांत उतरते का, आणि उतरत असेल तर उजेडाचा रंग व क्वांटम यील्ड बदलतात का? करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांतून दोन्ही प्रकारच्या गुळाचे नमुने आणावे लागतील. प्रत्येक पुडीवर गाव, उसाचा वाण, लागण की खोडवा, गूळ काढल्याची तारीख, भेंडी वापरली की रसायन, काहील उतरवतानाचे तापमान लिहून ठेवावे लागेल. वाण ८६०३२ असेल तर तसे लिहावे. शेतकरी ते तोंडपाठ सांगतो. मग सगळ्यांवर एकच कृती, एकच डायलिसिस, एकच मोजणी, आणि त्यांच्या शेजारी नुसत्या शुद्ध साखरेचा एक नमुना, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे. प्रत्येक नमुना किमान तीनदा करावा. गंधक आहे की नाही हे सांगणारी एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी तालुक्याच्या महाविद्यालयात नसेल, तर नमुने विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय संस्थेच्या सामायिक उपकरण केंद्रात शुल्क भरून पाठवता येतात. बाकीचे बहुतेक काम सेंट्रिफ्यूज, ओव्हन आणि एका फ्लुओरिमीटरवर होते. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणून गुऱ्हाळमालकांशी बोलणे गणपतीच्या सुमारासच उरकून ठेवावे, आणि पुड्या हवाबंद कराव्यात, कारण पावसाळी हवेत गूळ पाणी धरतो आणि सगळी वजने चुकतात.